नमुना म्हणून फिरलेला टायर

मित्रांनो, मला सगळे जुना टायर म्हणतात आणि ते खोटंही नाही. पण जुना म्हटलं की तुम्हाला वाटेल, हा भरपूर धावला असेल, झिजून गुळगुळीत झाला असेल. तसं काही नाही. माझ्या अंगावरच्या खाचा अजून चांगल्या खोल आहेत. मी रस्त्यावर फार थोडा धावलो. जुना झालो तो खुंटीला टांगून आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून. टायराने स्कूटरवर बसून गावोगाव फिरायचं, याहून वाईट थट्टा कुठल्या टायराची झाली नसेल. ती कशी झाली, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही चार भावंडं एकाच साच्यातून निघालो. अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते, ते नव्या टायराला असतातच. आम्ही बुटके, रुंद आणि मऊ होतो. आम्हाला चालायचं होतं साध्या रस्त्यावरच, पण पकड मात्र शर्यतीच्या टायरासारखी दिलेली. आमचं मापही जगावेगळं होतं. मोजक्याच गाड्यांना आम्ही बसायचो आणि त्याचा आम्हाला भारी तोरा होता. इकडच्या गाड्यांचे टायर तेव्हा उभट, टणक आणि अरुंद असत. त्यांच्याकडे आम्ही जरा नाक मुरडूनच बघायचो. पुढे नाक घासायची वेळ आमच्यावरच येणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

इचलकरंजीच्या एका हौशी कारखानदाराने बोटीने एक लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी मागवली. आम्ही चौघं तिच्याच पायात आलो. वर्ष सरायच्या आत त्या गृहस्थाने ती कबनूरच्या वळणावर खांबाला ठोकली. परदेशी गाडी, तिचे भाग इकडे मिळेनात. ती भंगारात जायची, पण जयसिंग कांबळे यांनी ती उचलून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणली.

जयसिंगरावांचं उद्यमनगरात छोटं शेड होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्यांनी गाडी खोलली आणि जो भाग मिळेना तो स्वतः घडवला. बुश म्हणू नका, पिन म्हणू नका, गिअरचे दातसुद्धा त्यांनी कापले. उद्यमनगरात माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात सांगतात आणि जयसिंगरावांना सूतभर फरकही खपायचा नाही. नग बसला नाही तर ते तो फेकून देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. दोन वर्षांनी गाडी सुरू झाली, तेव्हा आख्खी गल्ली बघायला जमली होती. 'हिच्यातलं निम्मं सामान माझ्या लेथचं हाय,' असं ते येईल त्याला सांगायचे. मग आमच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, 'टायर तेवढं अस्सल. रबर काय मला करता येत न्हाय.'

त्यांची मुलगी निशा शाळा सुटली की दप्तर टाकून शेडमध्येच यायची. कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची. गाडी तिच्या डोळ्यांदेखत जोडली गेली होती, त्यामुळे तिला ती बहिणीसारखी वाटायची. अठरा पूर्ण होताच तिने लायसन काढलं. आणि त्याच वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या हिवाळ्यात, जयसिंगरावांनी तिचं नाव घाटातल्या शर्यतीत घातलं. दरवर्षी थंडीत एका सकाळी घाटाचा रस्ता बंद करून ही चढाची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची आणि वर पोचायला किती वेळ लागला ते बघायचं. सुरू व्हायच्या आधी गाडीची तपासणी होई. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे असले पाहिजेत, असा नियम होता.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला एकमेव खरा दिवस. मी मागच्या डाव्या बाजूला होतो. निशाने गाडी सोडली आणि मी रस्ता धरला. टायराला आनंद कशात असतो, हे तुम्हाला कसं सांगू? पहिलं वळण आलं, दुसरं आलं, सगळा भार माझ्यावर आला आणि मी तो पेलला. तिसरं वळण फार तीव्र होतं, एका बाजूला दरी. तिथे निशाचा पाय ब्रेकवर गेला. मी म्हणत होतो, 'पोरी, मी आहे, जाऊ दे.' पण आमचं बोलणं माणसांना कुठे ऐकू येतं? तिथे जो वेळ गेला तो गेला. ती तिसरी आली.

खाली उतरल्यावर जयसिंगराव तिच्या पाठीवर थाप मारून हसत होते. ती मात्र रडवेली झाली होती.

"तिसऱ्या वळणावर घाबरलो, आप्पा," ती म्हणाली. "पुढल्या साली घाबरणार न्हाय. बघाच तुम्ही."

"पुढल्या साली पयला नंबर आपलाच," आप्पा म्हणाले.

ते पुढलं साल आलंच नाही.

दोन-तीन महिन्यांनी निशा सराव म्हणून कागलकडे गेली होती. रस्त्याचं काम चालू होतं. खडीतून वर आलेली एक सळई माझ्या मागच्या उजव्या भावाच्या पोटात शिरली. गाडी कशीबशी उद्यमनगरात आणली. कोपऱ्यावर केरबाचं पंक्चरचं दुकान होतं. त्याने भावाला फिरवून फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"जयसिंगराव, रस्त्याला टेकतंय तितं भोक असतं तर मी बुजवलं असतं. हितं बाजूच फाटलीया. ह्यो आता विहिरीवर बैलाला पाणी पाजायच्या कामाचा."

"मग नवा आणू की," जयसिंगराव म्हणाले. त्यांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. जगात जी वस्तू एकदा झाली ती पुन्हा मिळते किंवा पुन्हा करता येते, असं उद्यमनगरात सगळ्यांनाच वाटतं.

आता इथली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण माझं नशीब तिथेच फिरलं. उद्यमनगरात आकडे सांगून कुणी काम मागत नाही. नमुना हातात घेऊन जायचं, समोर ठेवायचा आणि म्हणायचं, असाच दुसरा पाहिजे. आणि नमुना नेहमी चांगला नग असला पाहिजे. मोडक्या किंवा झिजलेल्या नगावरून माप घेतलं, तर नवा नगही झिजलेलाच जन्माला येतो. लेथच्या कामात ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जयसिंगरावांनी हीच रीत टायराला लावली. फाटका भाऊ त्यांनी बाहेर ठेवला आणि मला, चांगल्या धडधाकटाला, गाडीवरून उतरवलं. माझं माप माझ्याच अंगावर कोरलेलं होतं. ते कागदावर उतरवून घेतलं असतं तरी भागलं असतं. पण रीत ती रीत. गाडीचा मागचा भाग विटांवर टेकवला, मला सायकलच्या ट्यूबने स्कूटरच्या मागच्या सीटवर आवळून बांधलं आणि आमची वरात निघाली.

आधी शाहूपुरीतली दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने मला गोल फिरवून आकडे वाचले आणि हसला.

"पावणं, ह्यो साईज आमच्या वडलांनीबी बघितला नसंल. दुसरा कंचाबी मागा, देतो."

मग आम्ही इचलकरंजीला गेलो, कबनूरला गेलो. यंत्रमागांच्या खडखडाटात जयसिंगराव ओरडून विचारायचे आणि समोरचा हातानेच 'नाही' म्हणायचा. कागलला ट्रकचे टायर विकणाऱ्याने मला कडेवर घेतल्यासारखं उचलून पाहिलं आणि 'ह्ये खेळण्यातलं हाय व्हय?' असं विचारलं. गारगोटीच्या बाजारात भंगारवाल्या गुंडूकडे कुणीतरी तसला टायर पाहिला होता म्हणे. तिथवर गेलो तर तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा निघाला. शेवटी रस्त्याकडेच्या फोनवरून पुण्याच्या मोठ्या विक्रेत्याला विचारलं. तिकडून शुद्ध भाषेत उत्तर आलं, "तो साईज कंपनीने बंद केला. त्या मापाच्या गाड्याच आता फारशा राहिल्या नाहीत."

बंद केला! मी फोनजवळच, स्कूटरवर होतो. आपल्यासारखं आता जगात कुणी जन्माला येणार नाही, हे असं रस्त्यावर उभं राहून ऐकायला फार वाईट वाटतं. ज्या मापाचा आम्हाला तोरा होता, तेच माप आमच्या मुळावर आलं.

संध्याकाळी निशाने वडलांपुढे सरळ तोड मांडली. शर्यतीला तेव्हा सहा-सात महिने होते.

"आप्पा, चारीच्या चारी बदलूया की. रिम तुम्ही लेथवर करून द्या. हितं जो साईज मिळतोय तो बसवूया. तपासणीला चारी सारखं असलं म्हंजे झालं."

"आन गाडी बैलगाडीवानी पळवायची व्हय?" जयसिंगराव उसळले. "इंजिनात, गिअरात, कुठं सूतभर इकडचं तिकडं केलं न्हाय मी. आता टायरात तडजोड करू? तसलं टणक टायर घाटात सुटलं तर? दरी हाय तिथं. ह्याला ह्योच जोड पाहिजे. मिळंल की. ह्या साली न्हाय तर पुढल्या साली."

त्यांच्या मनात मुलीची काळजी होती, हे मी शपथेवर सांगेन. पण कामाचा हट्टही होता. दोन्ही इतके एकत्र कालवले गेले होते की कुठलं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निशाने विषय सोडून दिला. वडलांनी ही गाडी तिच्यासाठीच उभी केली होती. त्यांना दुखवायला तिचं मन होईना.

त्या हिवाळ्यात शर्यत झाली, गाडी विटांवर होती. पुढच्या हिवाळ्यातही तेच. सुट्टीच्या दिवशी जयसिंगराव मला बांधून निघायचे. आज सांगली, उद्या निपाणी. निपाणीकडे कुणी कानडीत नाही म्हणायचं, कुणी मराठीत, एवढाच काय तो फरक. मीनाबाई, म्हणजे निशाची आई, सुरुवातीला थट्टा करायची. स्कूटरवरची तिची जागा मी बळकावली होती ना! लग्नकार्याला ती रिक्षाने जायची आणि मी पाहुण्यासारखा सीटवर. मग हळूहळू तिची थट्टा संपली. एकदा मला आत आणताना जयसिंगरावांच्या हातून मी निसटलो आणि तिच्या पायाशी जाऊन पडलो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"टायर मिळंल तवा मिळंल," ती नवऱ्याला म्हणाली. "तवर पोरगी काय खुंटीला टांगून ठिवायची व्हय?"

जयसिंगरावांनी मला उचललं, पुसलं आणि खुंटीला लावलं.

मित्रांनो, टायर धावला की गरम होतो, आणि गरम झाला की त्याचं रबर जिवंत राहतं. नुसता उन्हात फिरवला किंवा टांगून ठेवला की ते आतल्या आत वाळत जातं. बाहेरून कळत नाही. जयसिंगराव दर महिन्याला माझ्यावर फडकं मारायचे, मला चकचकीत ठेवायचे. इतकं जपलेलं सामान उद्यमनगरात दुसरं नव्हतं. आणि मी त्या जपण्याखाली रोज थोडा थोडा मरत होतो. चौदा एप्रिलला मिरवणुकीसाठी पोरं गाडी मागायला यायची. जयसिंगराव ती धुऊन, पुसून, निळा झेंडा लावून दारातच विटांवर उभी करायचे. लोक फोटो काढायचे. गाडीला त्याची लाज वाटायची, मला ती दिसायची.

निशा हळूहळू शेडमध्ये यायची कमी झाली. भांडण झालं नाही, दार आपटलं नाही. तिने डिप्लोमा पुरा केला. कागलच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. तिने स्वतःची एक लहान पांढरी गाडी घेतली. तिचे टायर कुठल्याही दुकानात मिळतात. माझ्यासमोर ती गाडी उभी राहायची, तेव्हा मी त्या टणक, अरुंद टायरांकडे बघायचो. त्यांच्या अंगावर रोजचा चिखल असायचा. मला त्यांचा हेवा वाटायचा.

जयसिंगरावांनी मात्र शोध सोडला नाही. आता शोध कशासाठी आहे, हे कुणी विचारत नव्हतं आणि ते सांगत नव्हते. मला वाटतं, टायर मिळाला की मधली सगळी वर्षं परत बसवता येतील, एखादा निघालेला दात गिअरला परत बसवावा तशी, असं त्यांच्या मनात कुठेतरी होतं.

आणि टायर मिळाला!

निशाचा धाकटा भाऊ संघर्ष पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. त्याने कॉम्प्युटरवर शोधत शोधत परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या थंड, अंधाऱ्या कोठारात पडून राहिलेला एक टायर हुडकून काढला. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तो कागदात गुंडाळलेला उद्यमनगरात आला. अंगावर रबराचे केस तसेच होते.

"एकच हुता, आप्पा," संघर्ष म्हणाला. "शेवटचा."

जयसिंगरावांनी मला खाली काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी नमुना म्हणून खरा उपयोगी पडलो. त्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, पट्टी लावली, वाकून डोळा लावला.

"सूतभर फरक न्हाय!" ते ओरडले. "केरबा, इकडं ये! सूतभर फरक न्हाय!"

केरबा आला. त्याने नव्या टायरावरून हात फिरवला. मग सवयीने त्याने माझ्या अंगात अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग तो गाडीच्या पुढच्या दोन भावांकडे गेला, तिथेही नख लावून पाहिलं आणि खाली मान घालून परत आला.

"जयसिंगराव, काय सांगू तुमास्नी. ह्यो तुमचा नमुना लाकूड झालाय. पुढली दोनबी तसलीच. भेगा बगा की. ह्या नव्याला जोड पाहिजे तर आता आणि तीन आणाय लागतील."

जयसिंगरावांनी स्वतः नख लावून पाहिलं. बराच वेळ ते माझ्यावरून हात फिरवत राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'मालक, यात माझा काही दोष नाही.' पण दोष काढायला तिथे कुणी बसलं नव्हतं.

रविवारी निशा आली. भावाने तिला फोनवर सगळं सांगितलं असावं. जयसिंगरावांनी तरीही नवा टायर तिच्यापुढे आणून ठेवला. तीन काय, तीस आणू, असं काहीतरी ते बोलायला लागले आणि मध्येच थांबले. निशा गाडीकडे गेली. दार उघडून आत बसली, स्टिअरिंग धरलं. गाडी विटांवर, तोंड भिंतीकडे. ती भिंतीकडे बघत राहिली.

"आप्पा, मी तिसऱ्या वळणावर घाबरलोतो. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की."

"त्या भीतीला मी एकदा भेटणार हुतो. आता पोर हाय घरात. आता तसल्या वळणाचं नाव काढलं तरी तिचं तोंड डोळ्याम्होरं येतंय." ती खाली उतरली. माझ्यापाशी आली आणि माझ्या भेगांवरून बोट फिरवलं. "मला टायर नको हुता, आप्पा. मला पुढलं साल पाहिजे हुतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जयसिंगराव उसळले असते. त्यांनी बंद लेथवरचा कचरा उगीचच फडक्याने पुसला. मीनाबाईने चहा आणला, तो सगळ्यांनी घेतला. निशा पांढऱ्या गाडीत बसून कागलला गेली. ती गेल्यावर जयसिंगरावांनी माझ्या शेजारी भिंतीत एक नवी खुंटी ठोकली आणि त्या नव्या टायराला तिच्यावर लावलं. त्यानंतर त्यांनी मला स्कूटरवर कधी बांधलं नाही. मीनाबाईला तिची जागा परत मिळाली, पण ती अजूनही रिक्षानेच जाते.

मित्रांनो, तुम्ही मुलं आहात, तुमच्याकडेही जपून ठेवलेल्या वस्तू असतील. चादरीखालची नवी सायकल, खोक्यातली बॅट, चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेला सदरा. एका म्हाताऱ्या टायराचं ऐका. त्यांना वापरा. त्यांना चिखल लागू द्या, झिजू द्या. अगदी हवा तसा जोड मिळाला नाही, तर जो मिळेल तो लावून निघा. आणि तुमच्या घरात कुणी 'पुढल्या साली' म्हणून वाट बघत असेल, तर तिचं हे साल आधी तिला द्या.

माझ्या शेजारी तो नवा अजून लटकतो आहे. त्याच्या अंगावरचे केस अजून गेलेले नाहीत. त्याला एकदाही रस्ता लागलेला नाही आणि आतून तोही वाळायला लागला आहे. मी ते त्याला सांगत नाही. दुपारी शेडमध्ये कुणी नसलं की तो मला रस्त्याबद्दल विचारतो आणि मी त्याला घाटाची गोष्ट सांगतो. पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरं वळण. त्याला ती पाठ झाली आहे.

काल त्याने विचारलं, "दादा, सकाळचा रस्ता पायाखाली कसा लागतो? गार की ऊन?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला आठवेना.